जुन्या मोटारींचे कमानपाटे आणि प्रवासातील सुखावहता: दुरुस्ती व सुधारणेची पद्धत

१९०० ते १९३० या काळातील मोटारी आज रस्त्यावर काढल्या की त्या हाडे खिळखिळी करतात, अशी तक्रार ऐकू येते आणि तिचा दोष सरसकट त्या काळच्या ताठ स्प्रिंगांना दिला जातो. माझे मत वेगळे आहे. यांतील बहुसंख्य मोटारींच्या स्प्रिंगा आज ताठ वाटतात, त्याचे कारण त्यांचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, एकमेकांवर सरकत नाहीत हे असते. गंज, वाळलेले ग्रीस, झिजून पडलेल्या खाचा आणि आवळून बसलेल्या शॅकल (स्प्रिंगेचे टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कड्या) यांमुळे स्प्रिंग अखंड लोखंडी पट्टीसारखी वागू लागते. त्यामुळे पाटे काढून टाकणे, नव्या मऊ स्प्रिंगा बनवून घेणे किंवा आधुनिक शॉक ॲब्सॉर्बर जोडणे या उपायांकडे वळण्यापूर्वी, नको त्या जागचे घर्षण काढणे आणि हव्या त्या जागी मोजून-मापून घर्षण देणे, हाच कामाचा क्रम ठेवावा.

पाट्यांची स्प्रिंग मोटारीला घोडागाडीकडून मिळाली. लंडनमधील गाड्या बनवणारे ओबडाया इलियट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार स्प्रिंगेचे पेटंट घेतले होते आणि पुढे शंभर वर्षांनी मोटारींनी तीच कल्पना अर्धलंबवर्तुळी, पाऊणलंबवर्तुळी, पावलंबवर्तुळी आणि आडव्या अशा निरनिराळ्या रूपांत वापरली. फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) हिला पुढे आणि मागे एकेक आडवी स्प्रिंग होती आणि कारखान्यातून निघताना तिला शॉक ॲब्सॉर्बर मुळीच नसत. उसळी थांबवण्याचे काम तिथे पाट्यांमधील घर्षणच करत असे. ही गोष्ट पुढच्या प्रत्येक टप्प्यावर लक्षात ठेवावी लागेल.

आधी मोजमाप

काहीही खोलण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही चाकांपाशी ॲक्सलपासून चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक असेल तर एखादी स्प्रिंग बसलेली आहे, पाटा तुटलेला आहे किंवा चेसिस पिळलेली आहे, असे समजून पुढील तपास करावा.

त्यानंतरची चाचणी साधी आहे आणि फार थोडे लोक ती करतात. ॲक्सलच्या बरोबर वर चेसिसवर ठरावीक वजन, समजा वीस-वीस किलोच्या पिशव्या, एकेक करून हळूच ठेवावे आणि प्रत्येक वेळी उंची नोंदवावी. मग त्याच क्रमाने वजन उतरवत पुन्हा उंची नोंदवावी. या सर्व वेळात गाडी हलवू किंवा दाबू नये. चांगल्या स्थितीतील स्प्रिंग जाताना आणि येताना जवळजवळ त्याच उंचींवरून जाते. पहिल्या दोन-तीन पिशव्यांना ती हललीच नाही, किंवा सगळे वजन उतरवल्यावरही ती आधीच्या उंचीला परत आली नाही, तर तो फरक म्हणजे पाट्यांमध्ये आणि शॅकलमध्ये अडकलेले घर्षण होय. चढत्या व उतरत्या नोंदींची सरासरी घेतली की किती किलोला स्प्रिंग किती मिलिमीटर दबते, म्हणजेच तिचा खरा ताठपणा कळतो, आणि त्यावरून त्या ॲक्सलवरील गाडीच्या वजनाने स्प्रिंग एकूण किती दबलेली असावी हे काढता येते.

हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण गाडी एका मिनिटात किती वेळा वरखाली होईल हे त्यावरच ठरते. वजनाने ५० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग मिनिटाला सुमारे १३४ हेलकावे देते, १०० मिलिमीटर दबणारी ९५ आणि १५० मिलिमीटर दबणारी ७७. माणसाच्या चालण्याच्या लयीच्या जवळपासचे, म्हणजे मिनिटाला सुमारे ६० ते ९० हेलकावे शरीराला सहज मानवतात. मात्र घर्षणाने पाटे जखडले की स्प्रिंग हिशेबातून बाद होते आणि गाडी केवळ टायरवर उसळते. टायर २० मिलिमीटर दबत असेल तर हेलकावे मिनिटाला २१० च्या घरात जातात. बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर दात वाजतात ते यामुळे.

स्प्रिंग उतरवणे आणि उघडणे

चेसिसला भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) टेकवावे; केवळ जॅकवर विसंबू नये. ॲक्सलला स्वतंत्र आधार देऊन, स्प्रिंगेवरील ताण पूर्ण गेल्यावरच यू-बोल्ट (स्प्रिंग ॲक्सलला बांधणारे) आणि शॅकलच्या पिना काढाव्यात. सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) सोडण्याआधी दोन्ही बाजूंना जाड सी-क्लॅम्प घट्ट बसवावेत, कारण पाट्यांना एकमेकांपेक्षा कमी-अधिक बाक दिलेला असतो आणि बोल्ट निघताच ते जोराने उघडतात. बोल्ट निघाल्यावर क्लॅम्प आळीपाळीने, थोडे थोडे करून सैल करावेत. प्रत्येक पाट्यावर क्रम आणि पुढची बाजू यांची खूण करावी.

पाटे तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करून चांगल्या उजेडात तपासावेत. तडे बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी आणि मुख्य पाट्याच्या डोळ्याच्या, म्हणजे टोकाला वळवलेल्या गोल भोकाच्या, मुळाशी सापडतात. तडा गेलेला पाटा वेल्डिंग करून कधीही वापरू नये; स्प्रिंगेच्या पोलादाला दिलेले पाणी (कडकपणा) वेल्डिंगच्या उष्णतेने उतरते आणि तो पाटा शेजारीच पुन्हा तुटतो. त्याच कारणाने गॅसच्या ज्योतीने तापवून बाक वाढवण्याचा मोहही टाळावा. बाक थोडा कमी झाला असेल तर थंड अवस्थेत प्रेसखाली तो परत देता येतो, आणि फार गेला असेल तर पाट्यांना नव्याने पाणी देणाऱ्या जाणकार कारागिराकडेच ते काम सोपवावे.

आता त्या खाचांकडे यावे. प्रत्येक आखूड पाट्याचे टोक त्याच्यावरच्या लांब पाट्याच्या पोटाला घासून तिथे हळूहळू पायरी पाडते. स्प्रिंग दबताना टोक त्या पायरीला अडते, जोर वाढला की एकदम सुटते आणि आत बसलेल्याला तो स्वतंत्र धक्का म्हणून जाणवतो. केवळ ग्रीस भरून हा दोष जात नाही. पायरी उथळ असेल तर ती पाट्याच्या लांबीच्या दिशेनेच घासून सपाट करावी, कारण आडव्या ओरखड्यांतून तडे सुरू होतात. पायरी खोल असेल तर पाटा बदलावा. आखूड पाट्यांच्या टोकांच्या खालच्या-वरच्या कडा आणि कोपरे गोल करून टोक क्रमाने पातळ केले, तर पुढे अशी पायरी पडण्याचे प्रमाण बरेच घटते. माझ्या मते सबंध दुरुस्तीतील सर्वांत फलदायी काम हेच आहे, आणि त्याला एक कानस आणि भरपूर धीर एवढेच लागते.

वंगण किती द्यावे

पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइटयुक्त ग्रीसचा पातळ थर द्यावा. साधे ग्रीस दाबाखाली बाहेर पिळून निघते, ग्रॅफाइट मात्र पृष्ठभागावर टिकते. घसरड्या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या पाट्यांमध्ये घालण्याचा आधुनिक उपायही चांगला आहे. बाहेरून धूळ आणि पाणी जाऊ नये म्हणून स्प्रिंगेवर चामड्याची वेष्टने चढवण्याची त्या काळची पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. मात्र वेष्टनाखाली आधीच गंज असेल तर तो झाकला जातो, म्हणून ते स्वच्छ पाट्यांवरच चढवावे.

येथे सावध राहावे लागते. ज्या गाडीला शॉक ॲब्सॉर्बर नाहीत, तिच्या पाट्यांमधील घर्षण पूर्ण काढले तर ती प्रत्येक खड्ड्यानंतर बराच वेळ हिंदकळत राहते आणि वळणावर धोकादायक होते. म्हणून अशा गाडीत ग्रीस हात राखून द्यावे, किंवा आधी शॉक ॲब्सॉर्बर बसवावेत.

पुन्हा जुळणी करताना पाट्यांच्या गठ्ठ्याभोवतीच्या क्लिपा पाट्यांना फक्त सांभाळतील इतक्याच आवळाव्यात. त्यांनी पाटे चिमटले तर सगळी मेहनत वाया जाते. शॅकलच्या पिना आणि कांस्याचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) झिजून अंडाकार झाले असतील तर बदलावेत आणि नवे बुश पिनेवर हाताने मोकळे फिरतील असेच बसवावेत. शॅकलच्या बाजूच्या पट्ट्या आवळून स्प्रिंगेच्या डोळ्याला जखडत नाहीत ना, हेही पाहावे. यू-बोल्ट याच्या उलट, पूर्ण घट्ट हवेत, कारण ते सैल राहिले की सेंटर बोल्टवर भार येतो आणि तो तुटून ॲक्सल जागचा सरकतो.

शॉक ॲब्सॉर्बर

फ्रान्सच्या ट्रुफो यांच्या कल्पनेवरून अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी प्रसिद्ध केलेले घर्षणाचे शॉक ॲब्सॉर्बर कात्रीसारख्या दोन भुजांचे असून त्यांच्या सांध्यात लाकडी किंवा तत्सम चकत्या दाबलेल्या असतात. त्यांचा स्वभावदोष असा की, थांबलेली चकती हलवायला लागणारा जोर ती हलती ठेवण्यापेक्षा अधिक असतो. परिणामी ते बारीक धक्क्यांना ताठ आणि मोठ्या उसळीला दुबळे पडतात. ते जास्त आवळल्यास पाट्यांतून काढलेले घर्षण दुसऱ्या दाराने परत आणल्यासारखे होते. यासाठी खालची जोडणी सोडून भुजेच्या टोकाला ताणकाटा लावावा आणि भुजा सावकाश सरकत राहण्यासाठी किती जोर लागतो ते मोजावे. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना हा आकडा सारखा असलाच पाहिजे. सुरुवात सैल ठेवून करावी आणि गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती एकदा वर येऊन थांबेल इथवरच वाढवत न्यावे. चकत्यांना तेल लागू देऊ नये.

तेलाचे भुजावाले शॉक ॲब्सॉर्बर वेगाबरोबर विरोध वाढवतात, म्हणून ते स्वभावतःच अधिक सौम्य असतात. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्ड मॉडेल ए गाडीला चारही चाकांवर फ्रेंच संशोधक हूदाय यांच्या पद्धतीचे असे शॉक ॲब्सॉर्बर होते. त्यांची भुजा हाताने फिरवताना मध्येच पोकळ वाटली तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. पिस्टनच्या आधुनिक नळीच्या शॉक ॲब्सॉर्बरसाठी जुन्या चेसिसला भोके पाडणे मला अनावश्यक वाटते, कारण तिथल्या पातळ पत्र्यावर नवा, एकवटलेला भार येऊन तडे जाऊ शकतात.

ताठपणा बदलायचा असेल तर

एवढे करूनही गाडी ताठ राहिली तरच पाट्यांना हात घालावा. समान जाडीच्या आठ पाट्यांतील एक काढल्याने ताठपणा साधारण आठवा हिस्सा कमी होतो, पण हेलकाव्यांची गती जेमतेम साडेसहा टक्के घटते, आणि उरलेल्या पाट्यांवरील ताण मात्र सातवा हिस्सा वाढतो. हा सौदा सहसा तोट्याचा आहे. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने पातळ पण अधिक पाटे हा योग्य मार्ग होय: ७ मिलिमीटरच्या आठ पाट्यांऐवजी ६ मिलिमीटरचे अकरा घेतले तर ताण जवळपास तोच राहून ताठपणा सुमारे १३ टक्के कमी होतो. गठ्ठ्याची जाडी ५६ वरून ६६ मिलिमीटर होईल आणि घासणारे पृष्ठभागही वाढतील, हे धरून चालावे. मऊ स्प्रिंग जास्त दबते, म्हणून भरल्या गाडीत ॲक्सल आणि चेसिस यांत पुरेशी जागा उरते का, हेही आधी तपासावे.

पुढच्या आणि मागच्या ताठपणाचा मेळ अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये अभ्यासला आणि दाखवले की पुढचे टोक मागच्यापेक्षा थोडे सावकाश हेलकावे घेत असेल तर गाडी डुलण्याऐवजी सपाट वरखाली होते. जुन्या गाड्यांत बहुधा याच्या उलट असते. तरीही पुढील स्प्रिंगा बेधडक मऊ करू नयेत. अखंड पुढच्या ॲक्सलला तीच स्प्रिंग जागेवर धरून ठेवते, आणि पुढे ब्रेक असतील तर ब्रेक मारताना ॲक्सल पिळला जाऊन स्टिअरिंग भरकटते.

टायरचा दाब सर्वांत शेवटी पाहावा. १९२३ नंतरच्या रुंद, कमी दाबाच्या टायरांत दाब थोडा कमी-अधिक करण्यास वाव असतो. त्याआधीच्या कडा अडकवून बसणाऱ्या टायरांचा दाब मात्र आरामासाठी कधीही उतरवू नये, कारण ते रिंगवर सरकतात आणि वळणावर निसटू शकतात.

जुळणीनंतर थोडे अंतर गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, पाटे बसल्यावर उंचीची मापे नव्याने घ्यावीत, आणि पिशव्यांची चाचणी परत करून आधीच्या नोंदींशी ताडून पाहावी.