टाइप वन मधुमेहाच्या मुलांसोबत शिबिराला जायचं असेल तर

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या निवासी शिबिरात स्वयंसेवक म्हणून जायचं मनात असेल, तर तयारी घरच्या स्वयंपाकघरातून सुरू करा. रोजची वाटी घ्या, तिच्यात भात भरा आणि वजनकाट्यावर ठेवा. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारी कर्बोदकं, असतात. ३० ग्रॅम कोरड्या पिठाच्या चपातीत वीसेक ग्रॅम. पेलाभर, म्हणजे २०० मिली दुधात दहाच्या आसपास. आठवडाभर आपल्याच ताटातलं असं मोजा आणि वहीत लिहा. तिथली सहावीतली पोरं ताटाकडे बघून हा हिशोब तोंडी करतात. त्यांच्या शेजारी जेवायला बसायचं तर निदान त्यांची भाषा आपल्याला कळली पाहिजे.

मी लालबागला पोळी-भाजी केंद्र चालवते. परळची हॉस्पिटलं जवळ, त्यामुळे आमच्याकडून डबा नेणाऱ्यांत गावाहून आलेल्या पेशंटचे नातेवाईक पुष्कळ असतात. त्या ओळखीतून एका समाजसेविकेने शिबिराच्या स्वयंपाकाचं विचारलं. तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीत केंद्र बहिणीवर सोपवून मी कर्जतकडे जाते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. माझ्यासारख्या माणसाने तिथे काय करायचं, तेवढंच इथे सांगते. इन्सुलिनचा डोस डॉक्टर ठरवतात. त्यात स्वयंसेवकाने एका युनिटाचंही मत द्यायचं नाही.

हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही आणि पथ्य पाळून जातही नाही. शरीरात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात, मग ते आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं, दिवसातून अनेकदा. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी हे निदान झालेली मुलं फार काळ जगत नसत. आणि १९२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला अशा मुलांचं शिबिर भरलंसुद्धा! मला याचं फार अप्रूप वाटतं. जगण्याची सोय झाल्याबरोबर कुणाला तरी वाटलं, की या पोरांनी खेळायलाही जायला हवं.

शिबिर शोधायला फार लांब जावं लागत नाही. मोठ्या हॉस्पिटलांच्या मुलांच्या विभागात समाजसेवा विभाग असतो, तिथे चौकशी करा. पालकांच्या संस्था असतात, त्यांच्याकडेही करा. दिवाळीचं शिबिर असेल तर पावसाळ्यातच विचारा, कारण माणसं आधी ठरतात आणि प्रशिक्षणाचा दिवस चुकवून चालत नाही. तुमच्याकडे ओळखपत्र, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, दोन ओळखीच्या माणसांची नावं मागतील. राग मानू नका. न मागणाऱ्या शिबिराला मी स्वतः जाणार नाही.

तुम्हीही प्रश्न विचारा. डॉक्टर रात्री मुक्कामाला आहेत का? ग्लुकागॉनचं, म्हणजे फार खाली गेलेली शुगर वर आणणारं, इंजेक्शन कुठे ठेवलंय आणि ते देता कोणाला येतं? जवळचं हॉस्पिटल किती लांब, आणि शिबिराची गाडी रात्रभर तिथेच उभी असते का? रात्रीची पाळी कशी लावता? उत्तरं पटापट आली तर जा. ‘बघू, होईल काहीतरी’ असं आलं, तर दुसरं शिबिर शोधा.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया, कॅन्सर यांच्याही मुलांची शिबिरं असतात आणि प्रत्येकाची काळजी वेगळी. थॅलेसेमियाच्या मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यामुळे शिबिराच्या तारखा त्या वेळापत्रकात बसवाव्या लागतात. हिमोफिलियात रक्त लवकर थांबत नाही, म्हणून धक्काबुक्कीचे खेळ बाद. कॅन्सरच्या उपचारातल्या मुलांजवळ साधी सर्दी झालेल्या माणसानेही जायचं नाही. मला अनुभव आहे तो मधुमेहाचा, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

जायच्या आधी एकदा स्वतःच्या बोटाला लॅन्सेट, म्हणजे रक्ताचा थेंब काढायची बारीक सुई, टोचून ग्लुकोमीटरवर शुगर बघा. बोटाच्या मध्यावर टोचलं तर जास्त दुखतं, कडेला कमी. मुलांना हे दिवसातून कितीदा करावं लागतं याचा अंदाज त्या एका टोचण्यातून येतो. आणि ‘काही दुखत नाही रे’ हे वाक्य तोंडातून कायमचं जातं.

मग हायपो शिका, म्हणजे शुगर लो होणं. ७० च्या खाली आकडा गेला की लो धरायचं. घाम, हातांची थरथर, पांढरा पडलेला चेहरा, अचानक भूक ही नेहमीची लक्षणं. पण हसतंखेळतं पोर एकदम चिडलं, विनाकारण रडायला लागलं किंवा कोपऱ्यात गप्प बसलं, तरी आधी शुगर तपासायची. हट्टीपणा म्हणून सोडून द्यायचं नाही. मीटर हाताशी नसेल तर वाट न बघता लो समजूनच वागा. मोठ्या मुलाला १५ ग्रॅम साखर, म्हणजे पाण्यात चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोन-डी, आणि लहानग्यांना डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं कमी प्रमाण. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट किंवा क्रीमची बिस्किटं त्या वेळी देऊ नका, त्यांतल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, ओरडून डॉक्टरांना बोलवायचं आणि तिथून हलायचं नाही. ग्लुकागॉन देणारा माणूस धावत येईल. १०८ ला फोन दुसऱ्याने लावायचा.

उलटंही ध्यानात ठेवा. शुगर खूप वर आणि सोबत उलटी, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं काही दिसलं तर ‘बाहेरचं खाणं बाधलं’ म्हणून ओवा-सोडा देत बसू नका. तडक डॉक्टरांकडे न्या, ते कीटोन तपासतील, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारं आम्ल.

बस परळहून निघते, आणि कळंबोलीपर्यंत कुठे किती अडकेल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून साखर, ग्लुकोन-डी, बिस्किटं आणि मीटर आपल्या मांडीवरच्या पिशवीत ठेवा. इन्सुलिनही डिकीत टाकायचं नाही, तिथे ते तापतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण बर्फाला चिकटूनही नको. एकदा गोठलं की वितळलं तरी निकामी, फेकूनच द्यावं लागतं. बर्फाची पिशवी आणि इन्सुलिन यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवा.

आता जेवण. इथे मी जरा जास्त बोलणार.

शिबिराची जागा भाड्याची असते, आचारी तिथलाच. त्याने आमटीत गूळ घातला, कोशिंबिरीत साखर भुरभुरली, रस्सा दाट व्हावा म्हणून बेसन लावलं, तर त्याची चूक नाही, तो रोज तसंच करतो. म्हणून पहिल्या दिवशी त्याच्याजवळ बसायचं, चहा घ्यायचा आणि सांगायचं की जे घालाल ते मला दाखवून घाला. ‘हे घालू नका’ म्हणण्याची गरज फारशी पडत नाही, कारण मोजलेलं असलं की चालतं. कणकेचे गोळे काट्यावर करून घ्या. पहिले पाच-सहा तोलले की हाताला अंदाज येतो, तरी अधूनमधून एखादा तोलून बघायचा. भात वाढायला एकच माप, तीच वाटी, शेवटच्या दिवसापर्यंत. पदार्थाचं नाव आणि एका वाटीतले कार्ब फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आकडा आहारतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

वेळ मापाहून कडक. जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं की ते कामाला लागतं, भात शिजलाय की नाही हे ते विचारत नाही. म्हणून आमचा नियम असा, की सगळी पातेली टेबलावर आली, झाकणं उघडली, मी हात वर केला, की मगच इन्सुलिनची पेनं बाहेर निघतात. गॅस संपला, आचारी रुसला, वीज गेली, तरी हा नियम मोडत नाही. आणि मुलाने घेतलेलं ताट पूर्ण संपवलं का, हे बघायला दर टेबलावर एक स्वयंसेवक हवा. पन्नास ग्रॅम कार्बचं इन्सुलिन घेऊन वीसच ग्रॅम कार्ब खाऊन पळालेलं पोर तासाभरात मैदानात बसकण मारतं. दुसऱ्यांदा भात हवा असेल तर खुशाल घेऊ द्या, पण आधी टेबलावरच्या नर्सला सांगून.

दिवाळीत फराळही असतो. घरी ज्यांना लाडवाच्या डब्याला हात लावायची परवानगी नसते, ती मुलं इथे बेसनाचा लाडू हातात धरून आधी बघत राहतात. चोरून खाणं थांबतं ते इथे, कारण चोरून खाल्लेल्याचं इन्सुलिन कुणी घेत नाही आणि खरा धोका त्यातच असतो. लाडवाचं वजन सांगा, कार्ब त्यांना काढू द्या. कुणी चुकलं तर शेजारचं पोरच दुरुस्त करतं.

खेळाचं थोडक्यात सांगते. पोहणं, चढण, कबड्डी यांच्या आधी, मध्ये आणि नंतर तपासणी. धावायच्या आधी मांडीत इन्सुलिन घेऊ नये, चालत्या स्नायूतून ते लवकर शोषलं जातं. प्रत्येक मुलाला एक जोडीदार, आणि लो वाटणारं मूल खोलीपर्यंतही एकटं जात नाही. वापरलेल्या सुया जाड, झाकणाच्या डब्यात, हात न लावता. कुणाची सुई, कुणाचा लॅन्सेट दुसऱ्याला कधीच नाही, अगदी सख्ख्या भावंडांनाही नाही.

दिवसभराच्या धावपळीचा परिणाम रात्री उतरतो. स्नायू रिकामी झालेली साखर भरून घेत राहतात आणि झोपेत शुगर घसरते. म्हणून रात्री दोन-तीनच्या सुमाराला सगळ्या खोल्यांतून फेरी निघते. तिघांनी जायचं: एक टोचणारी नर्स, एक बॅटरी धरणारा, एक लिहिणारा. नाव हळू उच्चारायचं, बोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, मग टोचायचं. बोटाला रात्रीच्या केळ्याचा किंवा लाडवाचा अंश राहिला तर मीटर खोटा चढा आकडा दाखवतो आणि खरी लो निसटते. आकडा मोठ्याने म्हणायचा, लिहिणाऱ्याने परत म्हणायचा. लो असेल तर मुलाला उठवून बसवा, साखरपाणी आपल्या हाताने धरा, गिळेपर्यंत थांबा, पंधरा मिनिटं तिथेच बसा. ही पाळी पेंगत करता येत नाही. ज्याची रात्रीची पाळी आहे त्याने दुपारी झोपायचंच, मग बाहेर कितीही मजेचा खेळ चालू असो.

मुलांशी बोलताना ‘कधीपासून आहे गं तुला?’ ने सुरुवात करू नका. हा प्रश्न त्यांना प्रत्येक लग्नात, प्रत्येक नातेवाइकाने विचारलेला असतो. ‘शुगर चांगली आली’, ‘वाईट आली’ असंही नको, मग मुलं वहीत खोटे आकडे लिहायला शिकतात. आकडा जास्त आहे, कमी आहे, आता काय करूया, एवढंच. मोठ्या मुली रात्री कधीतरी लग्नाचं विचारतात, मूल होईल का विचारतात. घरात कुणीतरी ‘बाहेर सांगू नकोस हं’ म्हटलेलं असतं. मी अशा वेळी टाइप वन असलेल्या, संसार-नोकरी सांभाळणाऱ्या ताईला बोलावून आणते आणि स्वतः बाजूला बसते. शिबिरात अशी मोठी माणसं स्वयंसेवक म्हणून असायलाच हवीत. पाळीच्या दिवसांत शुगर वर-खाली होते, हेही मुलींना त्या ताईच नीट सांगतात.

कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, हा नियम सगळ्यांना. फोटो काढायचे नाहीत, नंबर द्यायचे-घ्यायचे नाहीत. मुलाने कुणी त्रास दिल्याचं सांगितलं, तर ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शांतपणे ऐकून घ्या आणि लगेच शिबिरप्रमुखांना सांगा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन तुमच्या फोनमध्ये असू द्या.

निघायच्या दिवशी आया कागद भरभरून सूचना देतात. हसू नका, घाई करू नका, उभं राहून सगळं वाचा. त्या बाईने कित्येक वर्षं रात्रीचा गजर लावून झोप मोडलेली असते, आणि पहिल्यांदाच तो गजर ती दुसऱ्याच्या हाती देत असते.

परतताना डॉक्टरांची चिठ्ठी पालकांच्या हातात गेली की नाही हे बघणं तुमचं काम. जास्त हालचालीमुळे शिबिरात बऱ्याच मुलांचा डोस उतरवलेला असतो. घरी शाळा-क्लास-मोबाइल सुरू झाला की तो पुन्हा बदलावा लागतो. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी राहिली तर आठवडाभर शुगर चढी राहते. रात्री काय काय झालं ते पालक विचारतील, तेव्हा वही उघडून आकडे दाखवा. आणि मुलाने शिबिरात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने इन्सुलिन घेतलं असेल, तर ते आईला त्याचं त्यालाच सांगू द्या, तुम्ही आधी बोलू नका.