मृगाच्या आत साइटवर बघायच्या गोष्टी

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ला धोका. हे आकडे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असतात. जुलै-ऑगस्टात गावभागात, कर्नाळ रोडला, सूर्यवंशी प्लॉटात माणसं भेटली की "जेवलास का"च्या आधी "किती फूट झालं?" विचारतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या मंडळाच्या साइटवर आम्ही तासातासाला पातळी टाकत होतो. टाकत होतो म्हणजे कुणीतरी पाठवलेल्या तक्त्याचा फोटो चढवत होतो. शेजारच्या काकांना दिसत नाही. ते फोन कानाशी धरून बसायचे आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो फोन दर वेळी एकच शब्द बोलायचा: "इमेज." रात्री त्यांनी खिडकीतून हाक मारली, "अरे, पाणी कुठवर आलंय तेवढं वाच की." मी वाचून दाखवलं आणि पुन्हा पुढचा फोटो चढवायला बसलो. त्याची टोचणी अजून आहे. तेव्हापासून रोहिणी नक्षत्र लागलं की, ज्यांना दिसत किंवा ऐकू येत नाही त्यांनाही पुराची साइट वापरता यावी म्हणून, मी ही तयारी काढतो. गल्लीची, सोसायटीची, ग्रामपंचायतीची साइट सांभाळणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडावी म्हणून इथे मांडतो.

सगळ्यात आधी फोटो हटवा. पातळी अक्षरात लिहा, आणि पानाच्या अगदी वर एका पूर्ण वाक्यात लिहा: आयर्विन पुलाजवळ पाणी ३८ फूट ६ इंच, सकाळी ८ वाजता, पातळी वाढते आहे. फूट-इंचासाठी वर मारायच्या त्या टिकल्या वापरू नका. वाचणारा आवाज मध्येच "अपॉस्ट्रॉफी" म्हणतो किंवा चिन्ह गाळून नुसतं "अडतीस सहा" म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने काय समजायचं? तासातासाचा तक्ता त्याखाली द्या, पण खरा तक्ता द्या. वरच्या ओळीतल्या रकान्यांना शीर्षकाचा टॅग लावलेला असला, की ऐकणाऱ्याला प्रत्येक आकड्यासोबत तो वेळेचा की पातळीचा हे कळतं. दोन-तीन रकाने जोडून एक केलेला तक्ता दिसायला सुबक दिसतो, ऐकायला मात्र गोंधळ होतो.

यानंतर फॉन्ट. आपल्याकडे हा मोठा घोळ आहे आणि बाहेरच्या मार्गदर्शिकांमध्ये तो सापडत नाही. डीटीपीवाल्याकडून आलेली सूचना पुष्कळदा जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-कम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकसारखी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असते. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. फोन तेच वाचतो. ओळखायची सोपी रीत अशी: चार ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी राहिलं तर युनिकोड आहे, अक्षरांचा खिचडा झाला तर मजकूर बदलून घ्या. पीडीएफचीही हीच परीक्षा. शिक्का-सहीचा कागद स्कॅन करून चढवला तर ते चित्रच झालं. कागद हवा तर ठेवा, पण मजकूर शेजारी टाइप करा.

पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये लिहिलंय का तेही याच वेळी बघा. तयार टेम्प्लेट घेतलं की तिथे बहुतेक वेळा इंग्रजी नोंदलेली असते, आणि कुणी तिकडे फिरकत नाही. मग काही फोनवर इंग्रजी आवाज लागतो आणि देवनागरी त्याच्या तोंडात बसत नाही. भाषेच्या खुणेत "एमआर" (mr) ही दोन अक्षरं लिहायला एक मिनिट पुरतं.

रंगांबद्दल. हवामान खात्याचे इशारे पिवळे, केशरी, लाल असतात, आणि आपण साइटवर नुसता रंगीत गोळा ठेवतो. ज्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्याच्या हाती काय लागलं? गोळ्याशेजारी शब्द लिहा: केशरी इशारा. अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा फरक मोजायची जगभर मान्य असलेली पट्टी आहे. साइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नावाच्या नियमावलीत, जिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, साध्या अक्षरांसाठी ४.५ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ला १ हे किमान प्रमाण धरलंय. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा जेमतेम १च्या वर भरतो. भडक लालही साधारण ४ला अडकतो, म्हणजे थोडक्यात नापास. गडद लाल घ्या. मोतीबिंदू असलेल्या आजीलाही त्याचा फायदा होतो आणि भर उन्हात फोन बघणाऱ्यालाही.

पळती पट्टी काढून टाका. पाच सेकंदांहून जास्त हलणारा मजकूर थांबवायची सोय हवी असा नियमच आहे, पण माझं मत स्पष्ट आहे: पुराच्या पानावर पळती पट्टी नकोच. सावकाश वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून निवारा केंद्राचं नाव निघून जातं. त्याऐवजी बदलणाऱ्या आकड्याला कोडमध्ये "एरिया-लाइव्ह" (aria-live) ही खूण लावा, म्हणजे पान उघडं असताना नवा आकडा आला की फोन आपणहून बोलतो. तिचा "पोलाइट" प्रकार घ्या. तो चालू वाक्य संपू देतो. "असर्टिव्ह" मध्येच तोडून बोलतो, तो फक्त घर सोडण्याच्या सूचनेसाठी राखून ठेवा.

मदत मागण्याच्या अर्जावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण तो भरणारा माणूस घाबरलेला असतो. प्रत्येक रकान्याला कायम दिसणारं, कोडने जोडलेलं नाव हवं. रकान्यातलं फिकट अक्षर टाइप करायला लागलं की नाहीसं होतं, ते नाव धरू नका. चूक झाली तर चौकट लाल करून भागत नाही. "फोन नंबरात एक आकडा कमी आहे" असं लिहा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचं कोडं पूर्ण काढा. नकाशावर टाचणी लावून ठिकाण सांगा, ही मागणी दिसत नसलेल्या माणसाला आणि हात थरथरणाऱ्याला पार पाडता येत नाही. साधा पत्ता आणि जवळची खूण लिहायची जागा द्या. वेळेचं बंधन ठेवू नका. बटणं बोटाला सापडतील एवढी मोठी करा. नियमात किमान २४ बाय २४ पिक्सेल आहे, मी त्याच्या दुप्पट ठेवतो.

आणि नुसता फोन नंबर देऊन थांबू नका. १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर सगळे देतात, द्यायलाच हवा. पण ज्याला ऐकू येत नाही त्याने फोन लावून काय करायचं? मंडळाचा एक नंबर फक्त मेसेजसाठी ठेवा आणि तो बघणारा माणूस ठरवून ठेवा. व्हिडिओवर मराठी अक्षरं घाला. भारतीय सांकेतिक भाषेत बोलणारं कुणी मिळालं तर फार चांगलं, कारण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पुष्कळांची पहिली भाषा तीच असते, लिखित मराठी नव्हे.

निवारा केंद्रांच्या यादीत नुसतं शाळेचं नाव पुरत नाही. पायऱ्या किती, उतार आहे का, संडास तळमजल्यावर आहे का, हे मे महिन्यातच जाऊन बघून या. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस पाण्यातून तिथवर पोहोचायचा आणि हॉल निघायचा दुसऱ्या मजल्यावर. यादीतल्या दुव्याचं नावही पुरतं लिहा. "इथे क्लिक करा" दहा वेळा ऐकून कुणालाच काही कळत नाही.

कुणी म्हणेल, एवढं गल्लीच्या साइटला कशाला? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ मध्ये नैसर्गिक आपत्तीत समान संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची खबर त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी, असंही त्यात आहे. खबर शेवटच्या घरापर्यंत नेण्याचं काम शेवटी गल्लीवरच येतं.

आता तपासणी. आपोआप तपासणारी साधनं चालवा, पण ती थोड्याच चुका पकडतात. चित्राला वर्णन आहे एवढं त्यांना कळतं, वर्णन खरं आहे का ते कळत नाही. मग माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कळीने पूर्ण अर्ज भरा. आपण आत्ता कुठे आहोत हे दाखवणारी चौकट डिझायनरने "बरी दिसत नाही" म्हणून काढली असेल तर ती परत आणा. पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर कम्प्युटरवर फुकट मिळतं. ॲन्ड्रॉइड फोनवर त्याच कामाचं टॉकबॅक असतंच. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून बहुतेक फोनवर ते सुरू होतं. उजवीकडे बोट सरकवलं की पुढचं वाचतं, दोनदा टिचकी मारली की उघडतं. पहिल्या दिवशी चिडचिड होईल. पडदा पूर्ण काळा करून पातळी शोधा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मोबाइल डेटा मंद असताना पान किती वेळात उघडतं तेही बघा, पुरात वीज जाते आणि नेटवर्क रांगतं.

रात्री दोनला आकडे भरणाऱ्या पोरालाही हे सगळं शिकवा. त्याच्यासाठी आम्ही भरायचं पान असं केलंय की फूट, इंच, वेळ आणि वाढ की उतार एवढेच रकाने आहेत. फोटो चढवायची जागाच ठेवलेली नाही.

यंदाची चाचणी मेच्या शेवटच्या रविवारी, सकाळी ९ वाजता, काकांच्या ओसरीवर. ते त्यांच्या फोनवर साइट चालवतील, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही आणि फोन हातातून घ्यायचा नाही. त्यांच्या वेळेचं मानधन मंडळाच्या खर्चात धरलेलं आहे. वही-पेन आणा, इअरफोन आणू नका, फोन काय बोलतो ते सगळ्यांना ऐकू यायला हवं.