शर्यतीतल्या पेसरचं मानधन: ठरवायचं कसं, द्यायचं कसं

पेसर म्हणजे ठरलेला वेग धरून पुढे पळणारा आणि मागच्यांना त्या वेगाने नेणारा धावपटू. तो बहुतेक वेळा शर्यत पूर्ण करत नाही. निकालाच्या यादीत त्याचं नाव येत नाही आणि बक्षीसही त्याच्या हाती पडत नाही. म्हणून त्याच्या कामाचं मोल शर्यतीआधीच, किलोमीटर आणि सेकंदांत मोजून, कागदावर उतरायला हवं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) भरवणाऱ्या मंडळांना पुढच्या गटासाठी पेसर आणायचा असेल, तर पुढची माहिती कामाला येईल. पेसर म्हणून जाणाऱ्या धावपटूनेही हेच मुद्दे आधी बोलून घ्यावेत.

आधी एक गोंधळ दूर करू. हातात वेळेचा झेंडा घेऊन २ तास, २ तास १५ मिनिटं अशा गटांना घेऊन जाणारे ‘बस’चे पेसर वेगळे. ते बहुधा स्वयंसेवक असतात. फुकट प्रवेश, टी-शर्ट, कधी बूट मिळतात. त्यांना रोख रक्कम देण्याची पद्धत नाही, पण बाहेरगावाहून बोलावलंत तर प्रवास आणि राहण्याचा खर्च तुमचाच. स्वतःच्या चांगल्या वेळेपेक्षा निदान १५ मिनिटं सावकाश अशीच बस त्यांना द्या. हा लेख पहिल्या क्रमांकासाठी धावणाऱ्यांच्या पेसरबद्दल आहे.

मोठ्या शर्यतींत पेसरची बोलणी त्याचा एजंट आणि आयोजकांचा एलिट (अव्वल धावपटूंचा) समन्वयक यांच्यात होतात. ठरलेली रक्कम, ठरलेल्या अंतरापर्यंत ठरलेला वेग आणि वर बोनस, असा तो व्यवहार असतो. एजंट त्यातले साधारण १५ टक्क्यांपर्यंत घेतो. पेसर आधीच गळला तर रक्कम कमी होते. असं गळणं मोठ्या शर्यतींतही घडतं: २०१८ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये शेवटचा पेसर २५ किमीला बाजूला झाला, आणि केनियाचा एलिउड किपचोगे उरलेले १७ किमी एकटा धावून २:०१:३९ चा विश्वविक्रम करून गेला.

आपल्याकडच्या हाफ मॅरेथॉनसाठी नमुना असा. विजेत्याचं लक्ष्य ७० मिनिटं धरलं तर वेग किमीला ३:१९ येतो. सपाट रस्त्यावर ५ किमी १६:३५, १० किमी ३३:११, १५ किमी ४९:४६. पेसरला १५ किमीपर्यंत ठेवायचं आणि एकूण २०,००० रुपये द्यायचे ठरले, तर ते असे वाटा:

मूळ मानधन ८,००० (सुरुवातीच्या रेषेवर उभं राहून निदान ५ किमी नीट नेल्याबद्दल).
१० किमी ३३:०१ ते ३३:२१ या दरम्यान ओलांडले तर ५,०००.
१५ किमी ४९:३१ ते ५०:०१ या दरम्यान ओलांडले तर ७,०००.

रक्कम बजेटप्रमाणे कमी-जास्त करा, प्रमाण शक्यतो हेच ठेवा. मूळ मानधन निम्म्याच्या वर गेलं की आठव्या किलोमीटरला पेसरच्या पोटात कळ येते आणि तो थांबतो. अगदीच कमी ठेवलं तर चांगला धावपटू येतच नाही. वेळेला दोन्ही बाजूंनी मर्यादा हवी, हे सगळ्यांत महत्त्वाचं. ‘३३:२१ च्या आत’ एवढंच लिहिलं तर पेसर पहिले ३ किमी ३:०५ ने पळवतो आणि बोनस खिशात टाकतो. मागचा गट मात्र बाराव्या किलोमीटरला फुटतो. तुम्ही पैसे एकसारख्या वेगासाठी देता आहात, हे करारात स्पष्ट दिसू द्या. विजेता ७० मिनिटांच्या आत आला तर वर २,०००-३,००० देता येतात, पण पेसरची मुख्य कमाई विजेत्याच्या पायांवर अवलंबून ठेवू नका.

आता कोकणातला खरा प्रश्न: रस्ता. खाडीच्या पुलावरून सड्यावर चढायचं आणि पुन्हा बंदराकडे उतरायचं, अशा वाटेवर सपाट रस्त्याचं वेळापत्रक चालत नाही. ढोबळ हिशेब असा की १ टक्का चढाला किमीमागे ८ सेकंद जातात आणि तेवढ्याच उतारावर ५ परत मिळतात. ४ टक्क्यांच्या १ किमी चढाला ३२ सेकंद गेली आणि उतारावर २० मिळाली, तर १२ सेकंद खर्चीच पडली. अशा दोन घाट्या १५ किमीच्या आत असतील तर ४९:४६ च्या जागी ५०:१० धरा आणि १५ सेकंदांची सूट त्याच्या दोन्ही बाजूंना द्या. विजेत्याच्या बोनसची वेळही त्याच हिशेबाने वाढवा. वेळ मोजायची जागा चढाच्या माथ्यावर कधीच ठेवू नका. उतार संपून रस्ता सपाट झाल्यावर ठेवा, म्हणजे घेणं-देणं फिटलेलं असतं. आदल्या दिवशी पेसरला गाडीतून पूर्ण वाट दाखवा. पहाटे खाडीच्या तोंडाशी पुलावर मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा) वारा बाजूने लागतो, तेव्हा पेसरने वाऱ्याच्या बाजूला सरकून धावायचं, हेही तिथेच सांगा.

वेळ सुरुवातीच्या बंदुकीपासूनची धरा, धावपटूला लावलेल्या वेळ मोजणाऱ्या चिपची नको. मोजायच्या जागी चिप वाचणारी चटई असली तरी स्टॉपवॉच घेतलेला एक माणूस उभा करा. अंधारात चटईची बॅटरी बसली तर बोनसवरून वाद होतो.

मागचे आलेच नाहीत तर? १९८१ मध्ये ऑस्लोच्या १५०० मीटरमध्ये पेसर टॉम बायर्सच्या मागे कोणी गेलं नाही. तो थांबलाच नाही आणि ऑलिंपिक विजेत्या स्टीव्ह ओव्हेटला अर्ध्या सेकंदाने हरवून जिंकला. करारात लिहा: गट मागे राहिला तरी पेसरने ठरलेला वेग ठेवला असेल तर पूर्ण पैसे.

शेवटपर्यंत धावायची मुभा आहे का, हेही आधीच ठरवा. १९९४ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमध्ये पॉल पिल्किंग्टन आणि २००० च्या बर्लिनमध्ये सायमन बिवोट पेसर म्हणून उतरले आणि शर्यत जिंकून गेले. मुभा असेल तर तो बक्षिसालाही पात्र, आणि ही गोष्ट बाकीच्या धावपटूंना सुरुवातीआधी सांगितलीच पाहिजे. मुभा नसेल तर थांबायची जागा नेमून द्या. तिथे गाडी, पाणी आणि कोरडा टॉवेल ठेवा. दमट हवेत घामाने चिंब झालेला माणूस उभा राहिला की लगेच गारठतो. चिप तिथेच काढून घ्या, नाहीतर गाडीतून परतताना चटईजवळ ती वाचली जाते आणि पेसर निकालात घुसतो.

पेसर नोंदणी केलेला, बिब (छातीवरचा क्रमांक) लावलेला आणि सुरुवातीपासून धावणारा स्पर्धकच हवा. मध्येच आत शिरलेल्या पेसरची मदत नियमात बसत नाही. २०१९ मध्ये व्हिएन्नात किपचोगेने १:५९:४० वेळ दिली, तरी ४१ पेसर आलटून पालटून आत-बाहेर केल्यामुळे ती विक्रमात धरली गेली नाही.

निवड करताना ज्याची स्वतःची हाफची वेळ लक्ष्यापेक्षा २-३ मिनिटांनी चांगली आहे असा धावपटू घ्या. तो सेनादल, रेल्वे किंवा पोलिसांत नोकरीला असेल तर विभागाची लेखी परवानगी मागा. आणि पुढचा गट तालुक्यातल्या पोरांचाच असेल, वेळा ८०-८५ मिनिटांच्या असतील, तर पेसर आणूच नका. तो पैसा बक्षिसांत घाला. न्यूयॉर्क मॅरेथॉनने २००७ पासून पुढच्या गटाला पेसर देणं बंद केलं, तरी शर्यतीची चुरस कमी झाली नाही.

पैसे बँकेतून द्या, पाकिटातून नको. पॅन आणि पासबुकाची प्रत करारासोबतच घ्या. धावपटूचं मानधन व्यावसायिक शुल्कात मोडतं: वर्षात एकाला ५०,००० रुपयांहून जास्त दिले तर संस्थेने १० टक्के टीडीएस कापायचा, पॅन नसेल तर २० टक्के. परदेशी धावपटूला ही मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून २० टक्के आणि वर उपकर लागतो. ‘हातात किती पडणार’ हा आकडा करारात लिहिला की नंतर रुसवे राहत नाहीत. देण्याची तारीखही लिहा. ७ दिवस पुरेसे आहेत.

प्रवासखर्च मानधनात कधीच मिसळू नका. कोकण रेल्वेची तिकिटं दोन महिने आधी, आरक्षण उघडताच तुम्हीच काढा. सुट्टीच्या आठवड्यात महामार्गावरच्या बसच्या भरवशावर पेसर वेळेत पोहोचत नाही. आदल्या रात्री त्याला साधा आमटी-भात द्या. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं शर्यत झाल्यावर.