दिवस राहिल्यावर दम्याचा पंप बंद करू नये

दम्यासाठी पंप घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिले की ‘त्यात स्टिरॉइड असते ना?’ अशी शंका घरात कोणीतरी काढते आणि डॉक्टरांना न विचारताच पंप कपाटात जातो. तसे होऊ देऊ नये. दमा आटोक्यात नसेल तर आईच्या रक्तातील प्राणवायू घटून बाळालाही तो कमी पडतो, आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ व गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार यांचा धोका वाढतो.

आधी मात्रा पाहावी. पंपाच्या डबीवर, उदाहरणार्थ, ब्युडेसोनाइड (पंपातून ओढायचे स्टिरॉइड) 200 मायक्रोग्रॅम असे लिहिलेले असते, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. तीव्र झटक्यात प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत द्याव्या लागतात. गरोदरपणातील ब्युडेसोनाइडविषयी सर्वाधिक माहिती उपलब्ध असून, स्वीडनच्या जन्मनोंदणीत ते घेणाऱ्या मातांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन या पंपातल्याच दुसऱ्या स्टिरॉइडने दमा उत्तम आवरलेला असेल, तर केवळ गरोदरपणामुळे औषध बदलण्याचे कारण नाही.

पंप हलवून स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ नळीला) लावावा, श्वास पूर्ण सोडावा, पंप दाबून सावकाश खोल श्वास घ्यावा, दहा सेकंद रोखावा आणि नंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. (कॅप्सूलमधील पावडर असेल तर श्वास जोरात ओढावा लागतो, या फरकाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.) सालब्युटामॉलचा पंप तात्पुरता आराम देतो, श्वासनलिकेची सूज उतरवत नाही, म्हणून त्यावरच दिवस काढू नयेत.

गोळ्यांचा हिशेब वेगळा आहे. प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वारेतच निष्क्रिय होतो आणि सुमारे दहा टक्केच बाळापर्यंत पोहोचतो. पहिल्या तीन महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांचा दुभंगलेल्या ओठाशी किंचित संबंध काही जुन्या अभ्यासांत दिसला होता, पण पुढच्या अभ्यासांत तो सातत्याने आढळला नाही. गोळ्या वारंवार घ्याव्या लागल्यास साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तरीही तीव्र झटक्यात त्या टाळणे अधिक घातक ठरते. बऱ्याच दिवसांपासून चालू असलेल्या गोळ्या एकाएकी थांबवू नयेत, आणि त्यांची माहिती प्रसूतितज्ज्ञांना आधीच द्यावी, कारण अशा स्त्रीला कळा सुरू झाल्यावर हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन लागू शकते. ॲस्पिरिनने धाप वाढत असेल तर तेही सांगावे; रक्तदाबाचा धोका टाळण्यासाठी गरोदरपणात ते अनेकदा दिले जाते.

सालब्युटामॉल घेऊनही धाप थांबत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

बाळंतपणानंतरही पंप चालू ठेवावा, कारण अंगावर पाजताना तो सुरक्षित आहे. बाळंतिणीला आणि बाळाला ओवा-वेखंडाची धुरी देण्याची आपल्याकडची पद्धत मात्र दमा असलेल्या घरात कटाक्षाने टाळावी.