घाटउतारासाठी सायकलच्या डिस्क ब्रेकची पकड वाढवताना

साताऱ्यात सायकल चालवणाऱ्याला उतार टाळता येत नाही. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येणारा रोजचा रस्ता उताराचा आहे, कासहून परतताना यवतेश्वरचा घाट उतरावा लागतो, आणि पाचगणीहून वाईला येणाऱ्याच्या वाट्याला पसरणी घाटातली वळणे येतात. अशा रस्त्यांवर डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याला जोडलेली धातूची चकती, म्हणजे डिस्क, दाबणारा ब्रेक) असूनही सायकल हवी तिथे थांबत नाही, लिव्हर पार हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो आणि घाट उतरेपर्यंत हात भरून येतात, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्यावर मोठी डिस्क किंवा नवा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक बसवण्याचा सल्ला चटकन मिळतो. माझे मत मात्र असे आहे की बहुतेक सायकलींच्या ब्रेकमध्ये मुळात जोर कमी नसतो; तो बोटांपासून डिस्कपर्यंत पोहोचेपर्यंत कुठेतरी वाया जात असतो. ती गळती आधी शोधावी आणि नवे भाग घेण्याचा विचार त्यानंतर करावा.

कामाला हात घालण्यापूर्वी ब्रेकची आजची स्थिती मोजून ठेवावी. रहदारी नसलेल्या सपाट, कोरड्या रस्त्यावर खडूने एक रेघ मारावी, ठरावीक वेगाने येऊन रेघेवर दोन्ही ब्रेक दाबावेत आणि सायकल किती पावलांवर थांबते हे पाहावे. पुढे केलेल्या प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी घेतली, तर कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, हे अंदाजावर राहत नाही.

पहिला संशय तेलाचा घ्यावा. डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड यांच्यात तेलाचा अगदी पातळ थर आला तरी पकड निम्म्यावर आल्यासारखी वाटते आणि बऱ्याचदा ब्रेक किंचाळू लागतो. हे तेल येते कुठून, तर चेनवर स्प्रे मारताना उडालेल्या तुषारांतून, डिस्कला लागलेल्या बोटांच्या तेलकटपणातून आणि सर्वांत जास्त धुलाईतून. मोटारसायकली धुणाऱ्या ठिकाणी सायकल दिली की कित्येकदा चिखल सुटावा म्हणून डिझेल मारले जाते आणि शेवटी चकाकीसाठी पॉलिशचा फवाराही दिला जातो. सायकल छान दिसते, पण ब्रेक कामातून जातो. डिस्क ब्रेकची सायकल साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने घरीच धुवावी, आणि चेनला तेल देताना ते बाटलीतून थेंब थेंब सोडून वरचेवर कापडाने पुसून घ्यावे.

डिस्क स्वच्छ करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल सर्वांत चांगले. मोबाइल दुरुस्तीची कामे करणाऱ्यांकडे ते वापरात असते आणि केमिकलच्या दुकानातही मिळते. हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नये, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि तेच डिस्कवर मागे राहते. स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर अल्कोहोल घेऊन डिस्क दोन्ही बाजूंनी पुसावी आणि कापड उजेडात धरून पाहावे. त्यावर कोरडी काळी भुकटी दिसली तर ती पॅडची नेहमीची झीज आहे. चिकट, चमकणारा डाग दिसला तर ते तेल आहे, आणि कापड कोरे निघेपर्यंत पुसणे थांबवू नये.

त्यानंतर चाक काढून पॅड बाहेर घ्यावेत. चाक काढलेले असताना लिव्हर चुकूनही दाबू नये, कारण हायड्रॉलिक ब्रेकचे पॅड ढकलणारे पिस्टन त्याने पुढे सरकून बसतात. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, तर सपाट फरशीवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड हलक्या हाताने गोल फिरवावा. चकाकी जाऊन एकसारखा खरखरीत रंग आला की थांबावे. ही भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये. तेल पॅडच्या आतपर्यंत मुरलेले असेल तर घासून फायदा होत नाही, आणि गॅसवर भाजून ते काढण्याचा जो उपाय सांगितला जातो तो मी कुणालाही सुचवणार नाही. धूर विषारी असतो, शिवाय पॅडचा थर धातूच्या पत्र्यावरून सुटू शकतो. असे पॅड टाकून द्यावेत. पॅडवरील घर्षणाच्या थराची जाडी अर्ध्या मिलिमीटरवर आली असेल तरीही ते बदलावेत.

आता मुख्य काम येते. मध्यम किमतीच्या बहुतेक सायकलींना केबलवर चालणारा डिस्क ब्रेक असतो आणि त्याच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागात, एकच पॅड हलतो. बाहेरचा पॅड केबलने ढकलला जातो, आतला म्हणजे चाकाच्या आऱ्यांकडचा पॅड जागेवर स्थिर असतो. बाहेरचा पॅड डिस्कला वाकवून आतल्या पॅडवर टेकवतो आणि मगच खरी पकड सुरू होते. आतला पॅड डिस्कपासून दूर राहिला असेल, तर हाताचा सगळा जोर डिस्क वाकवण्यातच खर्च होतो. घाटात निकामी वाटणाऱ्या ब्रेकमध्ये हा दोष मी इतर कोणत्याही दोषापेक्षा जास्त पाहिला आहे, आणि तो एका ॲलन कीने दूर होतो.

सायकल स्टँडवर घ्यावी किंवा मागचे चाक मोकळे फिरेल अशी उचलून टेकवावी. कॅलिपरच्या आतल्या बाजूला, आऱ्यांमधून दिसेल असे, बहुधा 5 मिलिमीटरच्या ॲलन कीचे भोक किंवा हाताने फिरणारी चकती असते. ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळूहळू फिरवत जावे आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवत राहावे. पॅड डिस्कला घासल्याचा बारीक आवाज येईल. तो आला की पाव फेरा मागे यावे. कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून वरून एका डोळ्याने पाहिले, तर डिस्क आणि आतल्या पॅडमध्ये केसाएवढी उजेडाची रेषा दिसली पाहिजे. त्याहून रुंद फट ठेवू नये. डिस्क किंचित वाकडी असेल तर एखाद्या जागी पॅड घासेल. ती जागा खुणेने हेरून, स्वच्छ कापडात धरलेल्या पान्ह्याने डिस्क अगदी थोडी उलट दिशेला वाकवावी. घाईने जोर लावला तर डिस्क कायमची बिघडते, म्हणून जमत नसेल तर हे काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

यानंतर केबल. कॅलिपरवरचा जो दांडा केबलने ओढला जातो, तो लिव्हर सोडल्यावर पूर्ण मागे गेलेला असला पाहिजे. पॅड झिजले की अनेक जण केबलच ताणत राहतात. त्याने दांडा आधीच अर्धा फिरलेला राहतो, त्याची तरफ कमी होते आणि ऐन घाटात त्याच्या फेऱ्याची मर्यादा संपते. पॅड झिजल्यावर आतला पॅड त्याच्या स्क्रूनेच पुढे घ्यावा, बाहेरच्या पॅडला तसा स्क्रू असेल तर तोही, आणि केबलचा ताण फक्त ढिलेपणा जाईल इतकाच ठेवावा. केबलचे आउटर, म्हणजे तिच्यावरचे आवरण, हा दुर्लक्षित भाग आहे. पावसाळ्यात त्याच्या टोकांतून पाणी आत शिरते, आतली तार (इनर) गंजते आणि लिव्हर जड होतो. साधे गुंडाळीच्या तारेचे आउटर दाबाखाली किंचित आखडते, आणि मागच्या ब्रेकपर्यंतच्या लांब अंतरात हे आखडणे चांगलेच जाणवते. न आखडणारे, सरळ तारांचे ब्रेक आउटर वेगळे मिळते. मागच्या ब्रेकला ते बसवून घेणे हा माझ्या मते पैशाच्या मानाने सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल आहे.

लिव्हर आणि कॅलिपर एकमेकांना जुळणारे आहेत का, हेही तपासावे. सरळ हँडलच्या सायकलींवरचे बहुतेक लिव्हर केबल जास्त लांब ओढतात, तर वळणदार हँडलच्या रोड सायकलींवरचे कमी ओढतात. कॅलिपरही त्या त्या ओढीसाठी बनवलेले असतात. जोडी चुकली तर लिव्हर एक तर दगडासारखा कडक लागतो आणि तरी सायकल थांबत नाही, किंवा तो हँडलला टेकतो. कितीही जुळवाजुळव केली तरी हा दोष जात नाही.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड आपोआप पुढे येतात, त्यामुळे वरचे बरेच काम वाचते. तिथे लिव्हर मऊ लागणे आणि दोन-तीनदा दाबल्यावर कडक होणे ही नळीत हवा शिरल्याची खूण असते, आणि त्यावर ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढणे, हाच उपाय आहे. तेलाबाबत काटेकोर राहावे. शिमानो, टेक्ट्रो आणि मागुरा यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, स्रॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असते. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरी सीले खराब होतात. मोटारसायकलच्या ब्रेकचे तेल म्हणजे डॉट फ्लुइड, म्हणून ते हाताशी आहे या कारणासाठी मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये कधीही भरू नये.

नवे किंवा घासून साफ केलेले पॅड बसवल्यावर ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात, आणि हे काम हमखास राहून जाते. सपाट रस्त्यावर साधारण 20 किलोमीटर वेग घ्यावा, एकच ब्रेक एकसारख्या दाबाने लावून सायकल जवळजवळ थांबेपर्यंत वेग कमी करावा, पण चाक अडकू देऊ नये आणि पूर्ण थांबूही नये. असे पंधरा-वीस वेळा केल्यावर पॅडच्या साहित्याचा एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि पकड प्रत्येक वेळी वाढत गेल्याचे हाताला कळते. मग दुसऱ्या ब्रेकचेही तसेच करावे. नवे पॅड घालून थेट घाटात जाऊ नये.

पॅडच्या जातीची निवड आपल्या भागात पावसावर ठरते. रेझिनचे, म्हणजे राळेने बांधलेले, पॅड शांत असतात आणि थंड असतानाही लगेच पकडतात, पण कासकडच्या तांबड्या चिखलात ते फार लवकर झिजतात आणि लांब उतारावर तापले की त्यांची पकड ढिली पडते. धातूचे सिंटर्ड पॅड उष्णता आणि चिखल दोन्ही सोसतात, मात्र सुरुवातीला कमी पकडतात व आवाज करतात. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने सिंटर्ड पॅड वापरावेत असे मी सांगेन, पण त्याआधी डिस्कवरची अक्षरे वाचावीत: तिच्यावर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असेल, तर सिंटर्ड पॅड तिला लवकर खाऊन टाकतात.

एवढे सगळे करूनही पकड अपुरी वाटली तर मोठ्या डिस्कचा विचार करावा. 160 मिलिमीटरऐवजी 180 मिलिमीटरची डिस्क घेतली तर त्याच दाबाला सुमारे साडेबारा टक्के अधिक जोर मिळतो, आणि तापण्यासाठी धातूही जास्त मिळतो. त्यासाठी कॅलिपर बसवण्याचा योग्य ॲडॅप्टर लागतो आणि फोर्कला (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला) किती मोठी डिस्क चालते हे त्याच्या उत्पादकाच्या माहितीत पाहावे लागते. बदल करायचाच तर पुढच्या चाकाचा आधी करावा, कारण ब्रेक लावताना भार पुढे येतो आणि सायकल थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो.

उष्णतेचा हिशेब घाटात विसरू नये. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो वजन 300 मीटर खाली उतरले, तर सुमारे 250 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तीन लिटर पाण्याचे तापमान सुमारे 20 अंशांनी वाढवण्याइतकी. तिचा काही भाग वारा घेतो, उरलेल्यातला बराचसा त्या पातळ डिस्कांवर येतो. म्हणून यवतेश्वरला किंवा पसरणीला ब्रेक सतत चोळत उतरू नये. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवावा, मग सोडून द्यावेत, म्हणजे डिस्कला वारा लागतो. दाबताना कंबर मागे न्यावी आणि बोट लिव्हरच्या टोकाजवळ ठेवावे, कारण तिथे तरफ सर्वांत जास्त मिळते. पायथ्याशी आल्यावर डिस्कला हात लावून पाहू नये. ती कातडी भाजण्याइतकी तापलेली असू शकते.

डिस्कसुद्धा झिजते. नवी असताना ती बहुधा 1.8 मिलिमीटर जाड असते आणि 1.5 मिलिमीटरवर आली की बदलावी लागते. ही मर्यादा अनेकदा डिस्कवरच कोरलेली असते. लिव्हर दाबून धरल्यावर तो हळूहळू हँडलकडे बसत गेला, किंवा नळीच्या सांध्यापाशी तेलाचा ओलावा दिसला, तर त्या सायकलवरून घाट उतरू नये आणि ती थेट जाणकार मेकॅनिककडे न्यावी.