सोऽहं ध्यान: श्वासावरून साक्षीकडे

सोऽहं साधनेत दोन कामं आहेत. आधी श्वासाच्या आधाराने मन एका जागी बसवायचं आणि मग त्या बसलेल्या मनाला ‘हे सगळं कळतंय कुणाला?’ या प्रश्नाकडे वळवायचं. पहिल्या कामाने मन हलकं होतं, आणि पुष्कळ साधक तिथेच समाधान मानून थांबतात. आत्मज्ञानाची वाट दुसऱ्या कामापासून सुरू होते. म्हणून अर्ध्या तासाची वाटणी अशी ठेवा: ५ मिनिटं बैठक स्थिर करायला, १५ मिनिटं जप, १० मिनिटं साक्षीभाव, म्हणजे जे कळतंय त्यात न गुंतता नुसतं पाहणं.

ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा काळ. ठाण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या. त्यामुळे उन्हाळ्यात हा मुहूर्त साधारण ४.२५ ते ५.१० असा येतो आणि थंडीत ५.४० ते ६.२५ असा. पण रात्री साडेअकराला लोकलमधून उतरणाऱ्याने मुहूर्तासाठी चारला उठण्याचा हट्ट धरू नये. फार झोपणाऱ्याला आणि फार जागणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही, असं गीतेचा सहावा अध्याय सांगतो. झोप पुरी करा आणि रोजची वेळ एकच ठेवा. घरात कुकरची पहिली शिट्टी आणि खाली स्कूलबसचा हॉर्न वाजण्याआधीची कोणतीही वेळ चालेल.

जागाही रोज तीच हवी. घोडबंदर रोडकडे तोंड असलेला फ्लॅट असेल तर मागच्या बाजूची खोली निवडा. वाशी, कोपरखैरणे, कळवा अशा खाडीजवळच्या भागात डास हा खरा अडथळा आहे. त्यावर कॉइल लावू नका, पुढची पंधरा मिनिटं तोच धूर नाकात जाणार आहे. सरळ मच्छरदाणीत बसा. येऊरला पहाटे जाऊन बसावंसं वाटतं, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे. अंधारात तिकडे जाऊ नका.

बैठकीसाठी जमिनीवर सतरंजी, तिच्यावर चार घड्यांची घोंगडी आणि वर सुती पंचा अंथरा. पावसाळ्यात घोंगडी ओलसर होऊन वास मारते, तेव्हा सुती सतरंजीच दुहेरी घाला. बुडाखाली आणखी एक घट्ट घडी सरकवा, साधारण चार बोटं उंचीची. गुडघे कमरेच्या पातळीखाली आले की उंची बरोबर झाली असं समजा. गुडघे वर राहिले तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, श्वास आखडतो आणि दहाव्या मिनिटाला पेंग येते. मग खापर मनावर फुटतं, दोष मात्र घडीच्या उंचीचा असतो. पद्मासनाची सक्ती करू नका, साधी मांडी पुरते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर न टेकता बसा, पाय जमिनीला पोचत नसतील तर खाली पाट घ्या. पायाला मुंग्या आल्या तर सावकाश एकदा पाय बदला. गुडघ्यात कळ मारली तर मात्र लगेच मांडी सोडा, ती सहन करण्यात काही तप नाही.

आता जप. डोळे मिटा आणि नाकपुड्यांच्या कडेला श्वासाचा स्पर्श शोधा. श्वास आत येतो त्यावर मनात ‘सो’, बाहेर जातो त्यावर ‘हं’. सः म्हणजे तो, अहम् म्हणजे मी; मिळून सोऽहं, ‘तो मीच’. दिवसाचे २१,६०० श्वास ही परंपरेतली संख्या मिनिटाला १५ या हिशोबाने येते. हा जप श्वास आपोआपच करत असतो म्हणून त्याला अजपा म्हणतात. आपण फक्त ऐकायचं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: मंत्र पुढे आणि श्वास त्याच्या मागे फरफटत. लांब ‘सोऽऽऽ’ बसावा म्हणून श्वास मुद्दाम ओढला की चक्कर येते, ओठ आणि बोटं झिणझिणतात, कारण जोराच्या श्वासोच्छ्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. असं झालं तर मंत्र सोडा, श्वास आपल्या लयीला येऊ द्या आणि मग पुन्हा धरा. श्वास लहान आला तर ‘सो’ही लहान. मन भटकल्याचं लक्षात आलं की स्वतःवर चिडू नका, पुढच्या ‘सो’वर परत या. अर्ध्या तासात शंभर वेळा परत यावं लागलं तरी ती साधनाच झाली.

पंधरा मिनिटांनी मंत्र हळूच सुटू द्या. इथून पुढचा भाग सूक्ष्म आहे, घाई नको. पाय दुखतोय, हे कळतंय. म्हणजे दुखणं हे दिसणाऱ्यांत मोडलं, पाहणाऱ्यांत नाही. श्वास चालू आहे, तोही कळतोय. आठ वाजताच्या गाडीचा विचार आला, तो आल्याचं कळलं आणि गेल्याचंही कळलं. ‘मी ध्यानाला बसलोय’ हासुद्धा एक विचारच, तोही कळतोय. प्रत्येक पायरीवर जे कळतंय ते बाजूला ठेवा आणि ज्याला कळतंय तिकडे लक्ष वळवा. उत्तर शब्दांत देऊ नका. ‘मी साक्षी आहे’ असं घोकत बसलात तर तो आणखी एक विचार झाला. काहींना डोळ्यांमागे बसून पाहणारं कुणीतरी असल्यासारखं वाटतं. ते चित्रही दिसतंच आहे ना? मग तेही बाजूला ठेवा. सुरुवातीला असं टिकणं दोन-चार श्वासांपुरतंच जमतं. निसटलं तर पाच ‘सोऽहं’ घेऊन पुन्हा या.

वेदान्तात ध्यानाचे चार अडथळे सांगितले आहेत आणि चौघांवरचा उपाय वेगळा आहे. लय म्हणजे मन झोपेत बुडणं. डोळे अर्धे उघडा, पाठ ताठ करा, नाहीच जमलं तर उठून तोंडावर पाणी मारा. विक्षेप म्हणजे पळापळ, तिला जपाकडे परत आणायचं. कषाय ओळखायला अवघड: मन झोपलेलं नाही, पळतही नाही, पण जुन्या राग-लोभाने जड होऊन अडून बसलंय. त्याच्याशी झटू नका. काय अडलंय ते ओळखा, आणि कुणाची माफी मागायची किंवा हिशोब चुकता करायचा असेल तर दिवसा करा. चौथा रसास्वाद, आणि आमच्या मते सर्वांत फसवा हाच. शांततेची गोडी लागते आणि साधक रोज तीच चव शोधत बसतो. ती शांतताही कळतेय, येते आणि जाते, म्हणून तीही बाजूला ठेवा. प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, तरी हाच न्याय.

उठताना दोन मिनिटं घ्या, लगेच मोबाइल हातात घेऊ नका. दिवसा ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर डोळे उघडे ठेवूनच पाच मिनिटं श्वास ऐका, दाराशी उभं राहून नको. धक्का लागला आणि राग उसळला की ‘राग आला, हे कळलं’ एवढंच नोंदवा. साधना मुरतेय की नाही ते इथे कळतं.

कुंभक (श्वास रोखणं) किंवा बंध (स्नायू आवळून धरणं) स्वतःच्या मनाने जोडू नका. महाराष्ट्रात सोऽहं नाथपरंपरेतून आलं, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांना. कुंभक-बंधांची विद्या गुरूने समोर बसून देण्याची आहे. तीव्र नैराश्य, भास किंवा बायपोलरसाठी उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करा आणि औषधं स्वतःहून बंद करू नका. बसल्यावर भीती दाटून येत असेल तर साक्षीचा भाग थांबवा, डोळे उघडे ठेवून नुसता जप करा.

पहिले ४० दिवस वहीत रोज एक ओळ लिहा: तारीख, किती मिनिटं, चारपैकी कोणता अडथळा. अनुभवांची वर्णनं लिहू नका, पुढच्या बैठकीत मन तेच मागत राहतं. सलग सात दिवस ‘लय’ लिहिलं गेलं तर रात्रीचं जेवण आणि झोपेची वेळ तपासा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नका, नेहमीचा अर्धा तासच बसा.