दगडखाणीच्या जनसुनावणीआधी गावाने करायची तयारी

शिवारात दगडखाण आणि खडी क्रशर येणार असल्याची नोटीस लागली की गावाच्या हातात फार दिवस राहत नाहीत. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, आणि तेवढ्या अवधीत गावाने काय मोजून, लिहून ठेवले आहे यावर त्या सुनावणीचे वजन ठरते. ‘आम्हाला खाण नको’ हे वाक्य इतिवृत्तात नोंदले जाते. मात्र विहिरीच्या मोजलेल्या पातळीला प्रकल्पधारकाला मुद्देसूद उत्तर द्यावे लागते.

नोटीस लागलीच नसेल, तर ती का लागली नाही हे आधी तपासावे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2012 च्या निकालानंतर गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू यांसारख्या) पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक झाली. जनसुनावणी मात्र साधारणपणे पाच हेक्टरांच्या पुढे लागते, आणि एकाच डोंगराच्या कडेला लहान लहान पट्टे स्वतंत्रपणे दिले गेले तर ती टळते. अशा पट्ट्यांच्या सीमांमधले अंतर 500 मीटरांपेक्षा कमी असेल तर त्यांचे क्षेत्र एकत्र धरायचे असते. म्हणून तहसील कार्यालयातून सर्व पट्ट्यांचे गट क्रमांक व क्षेत्र घेऊन ते गावनकाशावर रंगवून ठेवावेत.

खाणीच्या पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकन अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो, त्याचा सारांश मराठीतही द्यावा लागतो. तो ग्रामसभेत मोठ्याने वाचावा आणि त्यातल्या विहिरी, नाले, पाझर तलाव, वस्त्या प्रत्यक्षातल्यांशी ताडून पाहाव्यात. पाण्याची मोजणी कोणत्या महिन्यात झाली हेही पाहावे, कारण आपल्याकडे डिसेंबरातली पातळी वाचून मे महिन्याचा अंदाज बांधता येत नाही.

सर्वाधिक कष्ट विहिरींवर घ्यावेत. मराठवाड्याचा बहुतांश भाग थरांच्या काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र थरांत आणि भेगांमध्ये. खाणीचा खड्डा या थरांच्या खाली गेला की पाणी तिकडे झिरपते, ते पंपाने उपसून फेकले जाते आणि शेजारची विहीर आटते. अशा वेळी ‘यंदा पाऊसच कमी होता’ हे उत्तर ठरलेले असते. म्हणून पहिला सुरुंग उडण्याआधी प्रस्तावित खाणीच्या आसपासच्या प्रत्येक विहिरीची काठापासून पाण्यापर्यंतची खोली, रात्रभर मोटर बंद ठेवून, सकाळी टेपने मोजावी. गट क्रमांक, तारीख आणि छायाचित्रासह ती नोंदवावी आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाला जोडावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जवळच्या निरीक्षण विहिरीच्या मागील वर्षांच्या नोंदी माहिती अधिकारात मागवल्या, तर पावसाच्या सबबीला आकड्यांनी उत्तर देता येते.

तितकीच काळजी भिंतींची घ्यावी. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात दगड-मातीची घरे कोसळून हजारो माणसे गेली, त्यामुळे औसा किंवा उमरगा तालुक्यात सुरुंगाच्या हादऱ्याची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकाप्रमाणे, कंपनाची वारंवारता 8 हर्ट्झपेक्षा कमी असताना घरांपाशी कंपनाचा वेग सेकंदाला 5 मिलिमीटरांपेक्षा आणि ऐतिहासिक वास्तूंपाशी 2 मिलिमीटरांपेक्षा जास्त असू नये. गावात हेमाडपंती मंदिर असेल तर दुसरी मर्यादा लागू करण्याची मागणी लेखी करावी, आणि घराघरांतल्या आजच्या भेगांची छायाचित्रे, पट्टी लावून, तारखेसह काढून ठेवावीत.

क्रशरच्या धुळीबाबत नियम स्पष्ट आहेत: 40 मीटर अंतरावर त्याच्यामुळे वाढणारे धूलिकण घनमीटरमागे 600 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असावेत, वाऱ्याला अडवणारी भिंत, आतले पक्के रस्ते, पाण्याची फवारणी आणि कडेची झाडे असावीत. यातला फवारणीचा मुद्दा धरून ठेवावा. जिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे फवारणीचे पाणी कोणत्या स्रोतातून येणार हा प्रश्न अहवालात निरुत्तर राहता कामा नये. खडी वाहणाऱ्या हायवा गाड्यांचा (मोठ्या डंपरांचा) रस्ता शाळेवरून जात असल्यास पर्यायी मार्ग नकाशावर दाखवावा.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी असतो आणि संपूर्ण चित्रीकरण होते. प्रत्येक वक्त्याने एकच मुद्दा घ्यावा, सोबत त्याची लेखी प्रत देऊन पोच घ्यावी. शेवटी इतिवृत्त मराठीत समजावून वाचणे बंधनकारक आहे. ते होईपर्यंत कोणी उठू नये, आणि सुटलेला मुद्दा तिथेच नोंदवून घ्यावा.

मंजुरी मिळालीच, तर तिची प्रत ग्रामपंचायतीने लगेच मिळवावी, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे अपिलाची मुदत 30 दिवसांची असते. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. त्या दोन्ही वेळा विहिरी व भेगा पुन्हा मोजून, तो अहवाल मागवून, दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहण्याचे काम ग्रामसभेने नावानिशी दोघा-तिघांवर सोपवावे.